मद्रासच्या खासदारांचा पूर्वाश्रम

एखाद्या नगराने कोणाला निवडून दिले हे इतिहासकार सांगतात, निवडून आलेल्याने पुढे सभागृहात काय केले हेही सांगतात. परंतु तो मनुष्य निवडून येण्यापूर्वी कोणत्या कचेरीत, कोणत्या शाळेत, कोणत्या पेढीवर अथवा कोणत्या रंगभूमीवर आपला चरितार्थ चालवीत होता, आणि त्या जुन्या व्यवसायाने त्याच्या बुद्धीला व जिभेला कोणते वळण लावले होते, ही गोष्ट बहुधा चरित्राच्या पहिल्या दोन पानांत आटोपली जाते. मद्रासच्या बाबतीत असे करणे अन्यायाचे ठरेल. १९९६ सालापासून चेन्नई या नावाने ओळखले जाणारे हे शहर १६३९ साली समुद्रकाठच्या वाळूवर एका व्यापारी कंपनीने मिळविलेल्या जागेवर वसले. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या त्या वस्तीत पिढीजात सरदारांचे वाडे फारसे नव्हते. होते ते दुभाषे, दलाल, कारकून आणि पुढे पुढे वकील व शाळामास्तर. चेपॉकला अर्काटच्या नवाबांचा महाल होता खरा, परंतु १८५५ साली ती नवाबीच कंपनी सरकारने संपुष्टात आणली. त्यामुळे आधी कलकत्त्याच्या आणि नंतर दिल्लीच्या विधिमंडळात बसण्याचा मान या शहरातील माणसाला वतनाच्या सनदेने सहसा मिळाला नाही. तो त्याने बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या बळावर मिळविला, असे मला दीडशे वर्षांची ही परंपरा पाहताना वाटत आले आहे.

या परंपरेच्या उगमापाशी मराठी माणसे उभी आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. १८६१ च्या कायद्यान्वये व्हाइसरॉयच्या विधिमंडळात जे पहिले तीन हिंदी गृहस्थ १८६२ साली नेमले गेले, त्यांत पतियाळाचे महाराज व काशीचे राजे यांच्या जोडीला तिसरे होते ग्वाल्हेरचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे. राजा नसेल तर दिवाण, अशीच त्या काळी सरकारची प्रातिनिधिकत्वाची कल्पना होती. दक्षिणेत या दिवाणगिरीची एक स्वतंत्र शाळाच तंजावरच्या मराठी मंडळींनी चालविली होती असे म्हणता येईल. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतल्यावर त्यांच्या राज्यात जी दफ्तरे मोडीत लिहिली जाऊ लागली, त्यांच्याबरोबर हिशेब, जमाबंदी आणि मसलत जाणणारी मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली. आणि १८५५ साली, म्हणजे अर्काटची नवाबी गेली त्याच वर्षी, तंजावरचे राज्यही खालसा झाले, तेव्हा त्या कुटुंबांतील हुशार मुलांना मद्रासची वाट धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

अशा घराण्यांतील अग्रणी म्हणजे सर टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेल्या माधवरावांचे वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तरीही या मुलाने मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली गणित पक्के केले, काही काळ तेथेच गणित व पदार्थविज्ञान शिकविले, अकौंटंट जनरलच्या कचेरीत खर्डेघाशी केली, त्रावणकोरच्या राजपुत्रांना पढविले, आणि मगच त्रावणकोर, इंदूर व बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी क्रमाने सांभाळली. बडोद्याला त्यांनी बसविलेल्या घडीवरच सयाजीरावांच्या कारभाराची इमारत पुढे उभी राहिली. निवडणुकीच्या राजकारणात ते पडले नाहीत. मात्र १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईहून आले, तेव्हा स्वागताध्यक्षाच्या आसनावर माधवरावच होते. आणि त्याच प्रसंगी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या पहिल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडेच आले. रानड्यांचे या कामातील सहकारी दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हे माधवरावांचे चुलतबंधू, इंदूरचे माजी दिवाण आणि त्याआधी सरकारी नोकरीतील डेप्युटी कलेक्टर. विधवाविवाहाचा पुरस्कार ते शास्त्राधाराने करीत, आणि राष्ट्रीय सभा स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी, १८८४ च्या डिसेंबरात, सतरा गृहस्थांनी ज्यांच्या घरी बसून तिचा विचार केला असे अ‍ॅनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे, ते घर रघुनाथरावांचेच.

दिवाणांबरोबर व्यापाऱ्यांनाही एक जुना हक्क सांगता येतो. गाजुलु लक्ष्मीनरसु चेट्टी या कापडाच्या व निळीच्या व्यापाऱ्याने १८४४ साली ‘क्रेसेंट’ पत्र सुरू केले, १८५२ साली मद्रास नेटिव्ह असोसिएशन स्थापिले, आणि साऱ्याच्या वसुलीसाठी तहसिलीतील अंमलदार रयतेला जी शारीरिक पीडा देत, तिच्याविरुद्ध थेट लंडनच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला. त्यातूनच छळाची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले आणि १८५५ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. लक्ष्मीनरसुंना पुढे मद्रासच्या कौन्सिलात जागा मिळाली. परंतु व्यापाऱ्यांचा हा धागा तेथे तुटला, तो जवळजवळ तीन पिढ्यांनी पुन्हा जोडला गेला. मधला सारा काळ वकिलांचा होता.

वकिलांचे राज्य का आले याचे कारण उघड आहे. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांना वरिष्ठ, म्हणजे व्हाइसरॉयच्या, कौन्सिलासाठी एक नाव सुचविण्याची मुभा दिली. मतदार एवढे मूठभर, आणि तेही बहुतेक हायकोर्टाच्या पायऱ्या चढणारे, की निवड कोणाची होणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. मद्रासहून १८९५ साली गेले ते पी. आनंदाचार्लू, १८६९ पासून हायकोर्टात वकिली करणारे, मद्रास महाजन सभेच्या संस्थापकांपैकी एक, आणि १८९१ साली नागपूरला भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष म्हणून विदर्भातील जुन्या मंडळींना परिचित असलेले. कौन्सिलात त्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, प्रश्नही विचारता येत, पण मत मोजून सरकारचा ठराव पाडण्याची सोय नव्हती; आणि जेथे जिंकण्याची शक्यता नाही तेथेही पक्षकाराची बाजू शेवटपर्यंत नेटाने मांडायची, ही गोष्ट वकिलाइतकी दुसऱ्या कोणाच्या अंगवळणी पडलेली नसते.

तथापि मद्रासने त्या काळात पाठविलेल्यांपैकी जो मनुष्य सर्वांत लक्षात राहिला, तो वकील नव्हता, शाळामास्तर होता. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म १८६९ साली कुंभकोणम्‌जवळच्या वलंगैमान गावी एका दरिद्री पुरोहिताच्या घरी झाला. पदवी घेऊन त्यांनी मायावरमला शिकविले, सेलमला शिकविले, मद्रासला पचैयप्पांच्या शाळेत शिकविले, आणि शेवटी ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. इंग्रजी व्याकरणाविषयी त्यांचा आग्रह एवढा करडा, की पुढे मोठमोठ्यांनाही त्यांच्यासमोर वाक्य उच्चारताना सावध राहावे लागे. ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली जे ग्राहकांचे सहकारी भांडार निघाले, त्याच्या संस्थापकांतही हे मुख्याध्यापक होते. तांदूळ, तेल, मीठ यांचा वाजवी भाव काय असावा, हा विषय त्यांनी अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून शिकण्याआधी शेजाऱ्यांच्या तक्रारींतून शिकून घेतला असणार. अशा मनुष्याला पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांची भारत सेवक समाजाची कल्पना आकर्षून घेईल यात नवल नाही. गोखले स्वतः फर्ग्युसनचे प्राध्यापक. त्यांनी १९०५ साली समाज स्थापिला, शास्त्री १९०७ साली चांगली नोकरी सोडून त्यात दाखल झाले, आणि अल्प वेतनावर देशकार्य करण्याची शपथ घेऊन पुण्याला येऊ-जाऊ लागले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले, तेव्हा समाजाची धुरा महाराष्ट्रातील कोणा शिष्याकडे न जाता या मद्रासच्या मास्तरांकडे गेली. पुण्यातील काही जणांना ते रुचले नसावे, असे म्हणावयास मनुष्यस्वभावाखेरीज माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही.

शास्त्री १९१३ साली मद्रासच्या कौन्सिलात गेले आणि १९१६ साली तेथील बिनसरकारी सभासदांनी त्यांना वरिष्ठ कौन्सिलात पाठविले. १९१९ च्या फेब्रुवारीत रौलट विधेयकावर त्यांनी केलेले भाषण ज्यांनी ऐकले त्यांनी जन्मभर त्याच्या आठवणी काढल्या. ते भाषण आज वाचताना जाणवते ते त्यातील क्रोधापेक्षा त्याची रचना: आधी विषयाची व्याख्या, मग प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नीट मांडणे, मग एकेक आक्षेप सावकाश, वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलालाही कळेल असा. वकील न्यायाधीशाचे मन वळवू पाहतो. शास्त्र्यांना ते विधेयक मंजूर होणार हे ठाऊक होते, त्यांनी ते समजावून सांगितले. गांधीजींशी त्यांचे राजकीय मतभेद तीव्र होते, तरी गांधीजी त्यांना वडील बंधूच्या जागी मानीत.

१९१९ च्या सुधारणांनंतर थेट निवडणूक आली; मताधिकार मात्र मालमत्ता आणि कर यांच्या कुंपणातच राहिला. काँग्रेसच्या बहिष्कारामुळे १९२० साली मद्रास शहरातून टी. रंगाचारी या नामांकित वकिलांची निवड सहज झाली. खरी झुंज झाली ती १९३४ साली. एका बाजूला जस्टिस पक्षाचे सर ए. रामस्वामी मुदलियार, वकील, ‘जस्टिस’ पत्राचे संपादक, महापालिकेचे माजी अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला पुदुकोट्टै संस्थानातील तिरुमयम् येथे १८८७ साली जन्मलेले एस. सत्यमूर्ती. सत्यमूर्तींनीही वकिलीची सनद घेतली होती, परंतु त्यांचा खरा पूर्वाश्रम रंगभूमीवर गेला असे म्हणणे अधिक योग्य. पम्मल संबंध मुदलियारांनी १८९१ साली स्थापिलेल्या सुगुण विलास सभेत ते हौसेने नाटकात कामे करीत. ‘मनोहरा’ नाटकातील त्यांची भूमिका प्रसिद्ध होती. सुशिक्षित गृहस्थाने तोंडाला रंग लावणे त्या काळी मद्रासला अप्रतिष्ठेचे वाटे, जसे ते एकेकाळी पुण्यालाही वाटत होते. आणि ती अप्रतिष्ठा पुसून टाकण्यासाठीच ही सभा जन्माला आली होती. तेथे सत्यमूर्तींनी जो आवाज कमावला त्याने समुद्रकाठच्या सभा जिंकल्या, निवडणूक जिंकली, आणि दिल्लीच्या विधिमंडळात सरकारी बाकांना घाम फोडला. भुलाभाई देसाई पक्षाचे नेते आणि सत्यमूर्ती उपनेते, अशी ती जोडी होती. भुलाभाईंनी मुद्दा बांधावा आणि सत्यमूर्तींनी उपप्रश्नांच्या भडिमाराने मंत्र्यांची झोप उडवावी. १९३९ साली ते मद्रासचे महापौर झाले आणि शहराच्या पाण्यासाठी पूंडी येथील तलावाचे काम त्यांनी मार्गी लावले. त्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांचा शेवट मात्र आपल्या मुलखाशी दुःखदरीत्या जोडलेला आहे. १९४२ च्या चळवळीत त्यांना पकडून वऱ्हाडात अमरावतीच्या तुरुंगात नेले. त्या प्रवासात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, प्रकृती खालावत गेली, आणि २८ मार्च १९४३ रोजी मद्रासच्या इस्पितळात त्यांचे देहावसान झाले.

त्याच १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद मद्रासच्या एन. शिवराज यांना देण्यात आले. हे शिवराज मद्रासच्या विधी महाविद्यालयात तेरा वर्षे प्राध्यापक होते. ज्या समाजातील मुलाला गावच्या शाळेच्या ओसरीवरही बसू देत नसत, त्या समाजातील मनुष्याने प्रेसिडेन्सीच्या भावी वकिलांना कायदा शिकवावा, या एका वस्तुस्थितीत जेवढे राजकारण सामावले आहे तेवढे पुष्कळांच्या सबंध कारकिर्दीत सापडत नाही. ते दिल्लीच्या विधिमंडळात होते, शहराचे महापौर झाले, १९५७ साली मद्रासला लागून असलेल्या चिंगलपुट मतदारसंघातून लोकसभेत निवडून आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली तेव्हा पहिले अध्यक्षही तेच झाले. महाराष्ट्रातील आंबेडकरी कार्यकर्त्यांना शिवराजांचे नाव आदराने घेताना मी ऐकले आहे. ते प्राध्यापक होते हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

१९४६ साली मद्रास प्रांताने घटना परिषदेवर जे एकोणपन्नास सभासद पाठविले, त्यांत स्वतंत्र उल्लेख करावा अशा एक बाई आहेत. आठव्या वर्षी लग्न झालेल्या आणि पुढे ते बंधन नाकारणाऱ्या दुर्गाबाईंनी मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, सुटल्यावर पुन्हा पुस्तके हाती घेतली, मद्रासला आंध्र महिला सभा काढली आणि १९४२ मध्ये कायद्याची पदवी घेऊन हायकोर्टात वकिली सुरू केली. १९५२ च्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. पुढल्या वर्षी त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला, आणि चिंतामणराव हे तर आय.सी.एस.मधून रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावर, तेथून अर्थमंत्रिपदावर आणि मग कुलाब्यातून लोकसभेवर, अशा उलट्या क्रमाने राजकारणात उतरलेले विद्वान होते.

गंमत अशी, की १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिल्यावर अर्थखात्याची सूत्रे ज्यांच्याकडे गेली, ते टी. टी. कृष्णम्माचारी मद्रासचे खासदार होते. प्रौढ मताधिकाराने झालेल्या पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, मद्रास शहराने निवडला तो हा व्यापारी. १९२८ साली त्यांनी स्वतःची पेढी काढून परदेशी कंपन्यांचा साबण आणि तत्सम माल दक्षिणेच्या खेडोपाडी पोहोचविला. लक्ष्मीनरसु चेट्टींनंतर तुटलेला धागा असा पुन्हा जुळला. मराठी वाचकाने या गृहस्थांचे एका गोष्टीबद्दल ऋणी असावयास हवे: ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत त्यांनी स्वच्छपणे सांगितले, की मसुदा समितीतील बाकीचे सभासद या ना त्या कारणाने दूर राहिले आणि घटनेच्या मसुद्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवरच पडला. कोणाचे श्रम कोणाच्या नावे मांडावयाचे, याचा चोख हिशेब ठेवणाराच असे भर सभागृहात बोलू शकतो. १९५७ साली दक्षिण मद्रासने त्यांना पुन्हा निवडले. १९५८ साली मुंद्रा प्रकरणातील छागला चौकशीनंतर त्यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले.

त्याच १९५७ साली उत्तर मद्रासने केलेली निवड अगदी निराळी होती. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या भोवती १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली; ती उभारण्यात मुंबईचे पारशी थिऑसॉफिस्ट बी. पी. वाडिया होते. त्याच युनियनचे पुढचे अध्यक्ष एस. सी. सी. अँथनी पिल्लै, सिलोनमध्ये जन्मलेले, विलायतेत शिकलेले, १९४७ च्या दीर्घ गिरणी संपाचे पुढारी, आता खासदार झाले. गिरणीच्या दरवाजासमोर पाळी सुटताना पाच मिनिटांत हजार माणसांना थोपवून धरायचे, ही त्यांची तालीम. एका शहराच्या दक्षिणेने कारखानदारांचा माल विकणारा निवडावा आणि उत्तरेने कारखाने बंद पाडणारा, एवढे वैविध्य वकिलांच्या राज्यात कधीच शक्य नव्हते. ते मताधिकाराने आणले.

दहा वर्षांनी, १९६७ साली, दक्षिण मद्रासने द्रमुकचे नेते सी. एन. अण्णादुराई यांना निवडले. कांचीपुरमच्या हातमागवाल्या घरातील हा मुलगा काही दिवस तेथील नगरपालिकेत कारकून होता. मग पचैयप्पा कॉलेजातून त्याने पदवी घेतली, थोडा काळ शिकविले, ‘जस्टिस’ आणि ‘विडुदलै’ पत्रांत लेखणी झिजविली, १९४२ साली ‘द्राविड नाडु’ साप्ताहिक काढले आणि नाटके व चित्रपटकथा लिहिल्या. ज्या पचैयप्पांच्या शाळेत शास्त्र्यांनी शिकविले त्याच संस्थेच्या कॉलेजात अण्णादुराई घडले, आणि त्यांच्यानंतर मुरासोली मारनही. पचैयप्पा या अठराव्या शतकातील दुभाषाने मागे ठेवलेल्या धर्मादाय निधीने दिल्लीच्या संसदेची इतकी सेवा केली असेल, हे त्या सत्पुरुषाच्या स्वप्नातही आले नसेल. अण्णादुराईंच्या एका नाटकाचा विषय तर थेट रायगडाचा आहे. ‘शिवाजी कंड हिंदु राज्यम्’ या नाटकात राज्याभिषेकाच्या निमित्ताने उभा राहिलेला वर्णाधिकाराचा प्रश्न त्यांनी मांडला. गागाभट्टाचे काम ते स्वतः करीत, आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत जो तरुण गणेशन् उभा राहिला त्याला द्राविड चळवळीचे नेते पेरियार यांनी ‘शिवाजी’ हीच पदवी दिली. हाच शिवाजी गणेशन् १९८२ साली राज्यसभेवर नियुक्त झाला. मद्रासच्या राजकारणात नाटकाची परंपरा अण्णादुराईंपासून सुरू होते असे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. सत्यमूर्तींनी तो दरवाजा तीस वर्षे आधी उघडला होता, फक्त त्यांच्या बहुतेक प्रेक्षकांना मताचा अधिकार नव्हता.

अण्णादुराई मार्च १९६७ मध्ये मुख्यमंत्री झाले, त्यांनी सोडलेल्या जागेवर पोटनिवडणुकीत मारन आले. ‘मुरासोली’चे संपादक, चित्रपटांचे कथालेखक आणि करुणानिधींचे भाचे. यातील तिसरे विशेषण त्या वेळी गौण वाटले असेल. १९८४ आणि १९८९ साली दक्षिण मद्रासने नृत्यांगना वैजयंतीमाला बाली यांना पाठविले, ती रंगभूमीचीच पुढची पायरी. त्यानंतर मात्र व्यवसायापेक्षा घराणे बोलू लागले. २०१४ साली दक्षिण चेन्नईतून निवडून आलेले डॉक्टर जे. जयवर्धन हे अण्णाद्रमुकच्या माजी मंत्र्यांचे चिरंजीव. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा द्रमुकतर्फे निवडून आलेल्यांत मध्य चेन्नईचे दयानिधी मारन हे मुरासोली मारन यांचे पुत्र, उत्तरेचे कलानिधी वीरस्वामी हे प्लास्टिक सर्जन आणि माजी मंत्री आर्काट वीरस्वामी यांचे पुत्र, आणि दक्षिणेच्या तमिळची तंगपांडियन या क्वीन मेरीज कॉलेजातील इंग्रजीच्या माजी अध्यापिका, कवयित्री, आणि तेही खरे, एका माजी मंत्र्यांच्या कन्या.

माधवरावही दिवाणाचे पुत्र होते, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्यांना दिवाणगिरी मिळण्यापूर्वी वर्गात गणित शिकवावे लागले आणि हिशेबाच्या कचेरीत दिवस काढावे लागले. मद्रासने पाठविलेल्या माणसांत मी सर्वांत वरचे स्थान शास्त्री आणि शिवराज यांना देईन. ते दोघेही शिक्षक होते, आणि दोघांच्याही घरी त्यांच्यापूर्वी कोणी विधिमंडळाची पायरी चढलेले नव्हते.